सर्व्हर बसवला, पण त्याची फाईल कुठंय?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

‘सर्व्हर डाऊन, नागरिक ताटकळले’ ही बातमी पेपरात महिन्यातून एकदा तरी असतेच, फोटो पण ठरलेला, आत रिकामी खुर्ची आणि खिडकीबाहेर रांग. त्याच्या पुढची बातमी मात्र कधी येत नाही, म्हणजे तो सर्व्हर परत उभा कोणी केला, कसा केला आणि तीन तासांच्या कामाला तीन दिवस का लागले. मी सर्व्हर बसवायचं काम करतो, पंधरा-सोळा वर्षं झाली, पतसंस्था, कॉलेजं, एखादं हॉस्पिटल, असले छोटे छोटे गिऱ्हाईक. म्हणून म्हटलं आपणच लिहावं, आणि मुद्दा एकच, सर्व्हर बसवताना दिलेली उत्तरं ज्यात लिहिलेली असतात ती फाईल.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर एका पतसंस्थेतून फोन आला, सर्व्हरची डिस्क गेली. बॅकअप आहे का विचारलं तर मॅनेजर साहेब एकदम छाती काढून म्हणाले, रोजचा आहे, काल रात्रीचा पण आहे. आणि खरंच होता हो! मी म्हटलं चला, संध्याकाळपर्यंत काम होतंय. नवीन डिस्क टाकली, विंडोज टाकलं, त्यावर एसक्यूएल सर्व्हरचा, म्हणजे डेटा सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरचा, सेटअप चालू केला आणि मग एकेक प्रश्न यायला लागले. इन्स्टन्सचं नाव काय होतं, डेटा कुठल्या ड्राईव्हवर होता, सर्व्हिस कुठल्या अकाउंटवर चालायची, ॲडमिन कोण. ऑफिसात एकालाही माहीत नाही. ज्या पोराने आठ वर्षांपूर्वी हे बसवलं तो व्हेंडरकडून केव्हाच गेला, आता दुबईला असतो म्हणे, त्याचा नंबर लागेना. मग आपण सगळेच जे करतो तेच मी पण केलं. नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश.

डेटा रिस्टोअर झाला, सॉफ्टवेअर उघडलं, खाती दिसली, चहा झाला, आणि पहिला रिपोर्ट काढला तर एरर, कोलेशन जुळत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कोलेशन म्हणजे अक्षरं कशी ओळखायची, कशी लावायची, लहान-मोठं अक्षर एकच धरायचं का वेगळं, याचे नियम. एसक्यूएल सर्व्हरचा सेटअप स्वतःच्या मनाने एक कोलेशन सुचवतो आणि ते विंडोजच्या लोकेलवरून, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवरून ठरतं, अमेरिकन इंग्लिश ठेवलं तर एक, भारतीय इंग्लिश ठेवलं तर दुसरंच. जुन्या पोराने एक ठेवलेलं, मी नेक्स्ट नेक्स्ट करून दुसरं टाकलं. बॅकअपमधला डेटाबेस आपलं जुनं कोलेशन घेऊन येतो पण टेम्पडीबी, म्हणजे सर्व्हरची तात्पुरत्या कामाची वही, नवीन सर्व्हरच्या कोलेशनची असते, मग रिपोर्ट बनवताना दोन्हीकडची टेबलं जोडायची वेळ आली की भांडण. आणि सर्व्हरचं कोलेशन नंतर बदलायचं म्हणजे सिस्टीम डेटाबेस सगळे नव्याने बनवायचे, त्यापेक्षा काढून परत टाकलेलं बरं. परत टाकलं. तोवर तिसरा दिवस उजाडला होता आणि बाहेर बायका भिशीचे पैसे मागत उभ्या होत्या.

हे सगळं एका ओळीने टळलं असतं, आणि ती ओळ त्या पोराच्या डोक्यात नव्हे तर एका फाईलमध्ये आयती लिहिलेली होती! एसक्यूएल सर्व्हरचा सेटअप शेवटच्या ‘रेडी टू इन्स्टॉल’ पानावर खाली एक पाथ दाखवतो, कॉन्फिगरेशनफाईल डॉट आयएनआय. तुम्ही जी जी उत्तरं दिली ती सगळी त्यात असतात, पासवर्ड सोडून, पासवर्ड तो मुद्दामच लिहीत नाही. कोलेशनची ओळ पण असते. ती फाईल कॉपी करून ठेवली की पुढच्या वेळी सेटअपला फक्त फाईलचा पत्ता द्यायचा, लायसन्स मान्य आहे हे सांगायचं, पासवर्ड कमांडवर द्यायचे, आणि तो एकही प्रश्न न विचारता सगळं बसवतो. याला अनअटेंडेड इन्स्टॉल म्हणतात. एक खोच आहे, त्या फाईलमध्ये यूआयमोड नावाची ओळ असते ती आधी काढावी लागते, नाहीतर क्वाएट मोडमध्ये, म्हणजे प्रश्न न विचारता चालवताना, सेटअप सुरुवातीलाच अडून बसतो आणि माणूस तासभर डोकं खाजवतो. पण गंमत बघा, ही फाईल त्या पतसंस्थेत पण बनली होती, सेटअपच्या लॉग फोल्डरमध्ये एक कॉपी आपोआप पडते, फक्त ते फोल्डर त्याच मेलेल्या डिस्कवर होतं. डेटाचा बॅकअप रोज व्हायचा, तो डेटा ठेवायचं घर कसं बांधलं याचा कागद मात्र घराबरोबरच गेला.

लग्नात आचाऱ्याला आपण यादी देतो ना, इतकी पानं, जिलेबी किती, मठ्ठा किती, तसलंच हे. फरक एवढाच की आचारी शंका आली तर येऊन विचारतो, हा सेटअप विचारत नाही. यादीत चूक असेल तर चुकीचंच जेवण चारशे पानांना बिनबोभाट वाढून मोकळा होतो.

त्यामुळे मी काही या प्रकाराची आरती ओवाळत नाहीये, माझे स्वतःचे प्रताप पण सांगतो. विंडोजऐवजी लिनक्स टाकायचं असेल तर त्यात रेड हॅट कंपनीवाल्यांची अशीच उत्तरांची फाईल असते, किकस्टार्ट म्हणतात तिला. इन्स्टॉलरचं नाव ॲनाकोंडा, आणि हा खरंच गिळतो बरं का. तुम्ही एकदा हाताने इन्स्टॉल केलं की तो रूटच्या, म्हणजे मुख्य ॲडमिनच्या, फोल्डरमध्ये ॲनाकोंडा-केएस डॉट सीएफजी म्हणून तुमच्या उत्तरांची फाईल आपणहून ठेवून जातो, ती बघून आपली फाईल बनवायची. मी बनवली आणि त्यात क्लिअरपार्ट ऑल असं ठेवलं, म्हणजे सगळ्या डिस्क पुसून टाक. सगळ्या म्हणजे सगळ्या. एका कॉलेजात बॅकअपची एक्स्टर्नल हार्ड डिस्क मागे लावलेली तशीच राहिली होती, ती पण गिळली. तेव्हापासून फाईलमध्ये इग्नोअरडिस्कची ओळ टाकून कुठली डिस्क घ्यायची तेवढंच सांगतो, तेही लिनक्स डिस्कला देतं त्या एसडीए एसडीबी असल्या नावाने नाही कारण ती नावं रीबूटनंतर बदलू शकतात, डिस्कचा बाय-आयडी, म्हणजे तिची स्वतःची न बदलणारी ओळख देतो.

दुसरा प्रताप ऐका. पेनड्राईव्हला ओईएमडीआरव्ही असं लेबल देऊन त्यात केएस डॉट सीएफजी टाकली की ॲनाकोंडा ती आपोआप उचलतो, काही टाईप करायला लागत नाही. मी फाईलच्या शेवटी रीबूट लिहिलं, बायोसमध्ये, म्हणजे मशीन कशावरून सुरू व्हायचं ते ठरतं तिथे, पहिला नंबर पेनड्राईव्हचा, आणि मी शेवटच्या एसटीने घरी. इन्स्टॉल झालं, रीबूट झालं, परत पेनड्राईव्हवरून बूट, मेनूवर ६० सेकंद वाट बघितली, कोणी बटण दाबेना म्हणून परत पहिल्यापासून इन्स्टॉल. रात्रभर तो सर्व्हर स्वतःला पुसत आणि बसवत बसला. सकाळी शिपाई म्हणाला, साहेब रात्रभर काम चालू होतं हो, लई मेहनती मशीन हाय. आता मी रीबूट ऐवजी पॉवरऑफ लिहितो. आणि एकच फाईल दोन मशीनला वापरून दोघांना एकच आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, आणि एकच नाव दिलंय ते तर सोडाच.

एवढं होऊनही फाईलच बरी असं मी का म्हणतो, तर चूक झाली की ती कुठल्या ओळीत झाली ते दिसतं आणि ओळ बदलली की ती चूक परत होत नाही. नेक्स्ट नेक्स्टमध्ये काय चुकलं हे देवालाच ठाऊक. ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ या रेड हॅटच्याच घराण्यातल्या लिनक्सचा सपोर्ट संपला तेव्हा माझ्याकडे अकरा सर्व्हर बदलायचे होते. ज्यांच्या फाईली होत्या ते दोन रविवारात झाले. जुनी फाईल जशीच्या तशी चालत नाही हे खरं, केएसव्हॅलिडेटर नावाचं एक टूल आहे त्यातून काढली की नवीन आवृत्तीला कुठल्या ओळी चालणार नाहीत ते आधीच कळतं. ज्यांच्या फाईली नव्हत्या त्यातल्या एकाच्या नादात माझी आषाढी गेली.

तर संपादक साहेब, माझं म्हणणं व्हेंडर लोकांना जरा झोंबेल. संस्था सर्व्हर घेताना कोटेशनमध्ये मशीनचा प्रोसेसर, रॅम, वॉरंटी सगळं घासाघीस करून लिहून घेतात, यूपीएस फुकटात मागतात, पण ज्या फाईलवरून हे मशीन परत बनवता येईल ती कोणी मागत नाही. पर्चेस ऑर्डरमध्ये दोन ओळी टाका. इन्स्टॉलची कॉन्फिग फाईल संस्थेच्या ताब्यात द्यायची, आणि शेवटचं बिल निघायच्या आधी त्याच फाईलवरून एखाद्या रिकाम्या मशीनवर आमच्यासमोर इन्स्टॉल करून दाखवायचं. नुसती फाईल घेऊन उपयोग नाही, कारण न चालवलेली फाईल म्हणजे न उघडलेली छत्री, पावसात कळतं काडी मोडलीय ते. पासवर्ड त्यात उघडे ठेवू देऊ नका. किकस्टार्टमध्ये हॅश करून, म्हणजे परत उलगडता येणार नाही असा करून देता येतो, पण विंडोजच्या उत्तरांच्या फाईलमध्ये तो फार तर बेस-६४ मध्ये, म्हणजे नुसता वेगळ्या अक्षरांत लिहिलेला असतो आणि ते काही कुलूप नव्हे, कॉलेजच्या पोरांना पण उघडता येतं.

व्हेंडर म्हणतील फाईल दिली तर उद्या दुसऱ्यालाच बोलावतील. बोलावू देत की. मी देतो, मला अजून कोणी काढलेलं नाही, उलट रात्री-अपरात्री येणारे फोन कमी झाले.

त्या पतसंस्थेत मी शेवटी फाईल बनवून पेनड्राईव्हवर दिली आणि एक प्रिंट काढून सोनेतारणाच्या पाकिटांशेजारी लॉकरमध्ये ठेवायला लावली, रजिस्टरला सही पण घेतली. परवा एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभालीच्या, व्हिजिटला गेलो तेव्हा मुद्दाम उघडून बघितलं. पेनड्राईव्हवर चेअरमन साहेबांच्या वाढदिवसाचे फोटो होते, फाईल उडवलेली. प्रिंट मात्र होती, दोन पानं, पिन लावून. तीच समोर ठेवून परत टाईप केली.

आपला,
एक सर्व्हर बसवणारा वाचक
सातारा जिल्हा