फुकट शिकणाऱ्या पोरांना रंगमंच कशाला?

हॉर्शम, वेस्ट ससेक्स

प्रिय सुरेश,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. वसतिगृहाच्या समितीत सभागृहाच्या आणि वाद्यांच्या खर्चावरून वाद पेटलाय हे कळलं. "फुकट राहणाऱ्या पोरांना रंगमंच कशाला?" हे एका सभासदाचं वाक्य वाचलं आणि मला चैन पडेना. त्यातच गेल्या आठवड्यात इथल्या ख्राइस्ट्स हॉस्पिटलमध्ये जाणं झालं. नावावरून दवाखाना समजू नकोस, ही मुलामुलींची निवासी माध्यमिक शाळा आहे. तिच्याबद्दल तुला सविस्तर लिहायलाच हवं.

लंडनमध्ये न्यूगेट रस्त्यावर बंद पडलेला एक मठ होता. १५५२ च्या नोव्हेंबरात तिथं शहरातल्या अनाथ आणि गरिबांच्या ३८० मुलांना आसरा मिळाला. बिशप रिडलीनं गरिबांसाठी कळकळीनं प्रवचन केलं, राजा सहाव्या एडवर्डनं मनावर घेतलं आणि लंडनच्या नागरिकांनी पैसा उभा केला. पुढच्या जूनमध्ये राजानं सनदेवर सही केली आणि दोन आठवड्यांच्या आत तो वारला. वय अवघं १५.

आता तुझ्या त्या सभासदांना एवढं सांग. १६७३ मध्ये दुसऱ्या चार्ल्सनं याच शाळेत गणिताची वेगळी शाखा काढली. ४० मुलांना नौकानयन शिकवून समुद्रावर पाठवायचं, असा बेत होता. आरमाराचा कारभार पाहणाऱ्या सॅम्युअल पेपिसनं ती शाखा उचलून धरली आणि पुढे तिच्या अभ्यासक्रमावर खुद्द न्यूटनचा सल्ला घेतला गेला. पुढे तिथं गणित शिकवायला आले विल्यम वेल्स, कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर गेलेले खगोलशास्त्रज्ञ. गरिबांच्या पोरांना न्यूटनचा सल्ला! 'यांना जुजबी हिशेब आले की पुरे' असं कुणी म्हटलं नाही. कवी कोलरिज इथलाच, बाप गेलेला. त्याचा मित्र चार्ल्स लॅम एका वकिलाच्या कारकुनाचा मुलगा. तो पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत ३३ वर्षं खर्डेघाशी करत राहिला आणि संध्याकाळी निबंध लिहीत राहिला. कंपनीच्या वह्या भरणारा हा माणूस या शाळेनं लेखक म्हणून घडवला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

१९०२ मध्ये शहरातली जागा सोडून शाळा इकडे मोकळ्या रानात आली. मुलींची शाखा हर्टफर्डला होती, ती १९८५ मध्ये इथंच मिळाली. लाल विटांच्या इमारती, लांबच लांब रस्ता आणि त्याच्या कडेनं वसतिगृहं. शाळेच्या नावाचं रेल्वे स्टेशनसुद्धा आहे.

जेवणाच्या दालनात मात्र माझे पाय खिळले. एका भिंतीवर चित्रकार व्हेरियोचं सुमारे ८६ फूट लांब चित्र आहे, गणिताच्या शाखेच्या स्थापनेचं. मुलं रोज त्याच्यासमोर बसून जेवतात. प्रार्थनामंदिरात चित्रकार ब्रॅंग्विनची भित्तिचित्रं आहेत. पोहण्याचा तलाव, प्रयोगशाळा, मैदानं आहेतच. आणि हो, नाट्यगृह आहे! पूर्वीच्या इंग्लिश नाट्यगृहांसारखं, तिन्ही बाजूंनी सज्जे असलेलं.

दुपारी जेवणाची वेळ झाली तेव्हा मी चौकात उभा होतो. आधी ढोल ऐकू आला, मग पितळी वाद्यं. शाळेचा बॅंड वाजत होता आणि एकेक वसतिगृह रांगेनं पावलं टाकत जेवायला चाललं होतं. घोट्यापर्यंत निळा डगला, गळ्याला पांढऱ्या पट्ट्या, कमरेला चामडी पट्टा, पायांत पिवळेजर्द मोजे. एका बारक्या पोराचा डगला वाऱ्यानं उडत होता आणि तो एका हातानं आवरत पाऊल चुकू न देता चालला होता. हा गणवेश शाळाच देते. मध्यंतरी बदलायचा का म्हणून मुलांनाच विचारलं, तर बहुतेकांनी 'हाच ठेवा' असं सांगितलं. त्या कपड्यात कोण पूर्ण फी भरतो, कोण थोडी आणि कोण काहीच नाही, हे ओळखू येत नाही. फी घरच्या मिळकतीप्रमाणे ठरते. पैशाची ओढाताण तिथंही आहे आणि पूर्ण फी भरणारी मुलंही घ्यावी लागतात, पण मूळ रिवाज त्यांनी सोडलेला नाही.

फीतून न भागणारा खर्च भागतो तो जुन्या मालमत्तेतून आणि देणग्यांतून. शाळा सोडताना प्रत्येकाला बायबल देतात आणि बजावतात की इथं मिळालेलं विसरू नका, पुढे ऐपतीप्रमाणे दुसऱ्या मुलांसाठीही ही सोय करा. विमानांचे आराखडे करणारा बार्न्स वॉलिस इथलाच विद्यार्थी. दुसऱ्या महायुद्धातल्या कामासाठी त्याला १०,००० पौंड मिळाले, ते त्यानं हवाई दलातल्या मृत आणि जखमी सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणासाठी शाळेलाच दिले.

आपण दोघं बोर्डिंगात वाढलो, सुरेश. पोटभर भाकरी मिळाली, त्याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे. पण गाणं मी पहिल्यांदा जवळून ऐकलं ते नोकरी लागल्यावर. आपल्या पोरांना इतकं थांबावं लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा सभेत माघार घेऊ नकोस. सभागृह एकदम झेपत नसेल तर आधी पेटी, तबला आणि आठवड्यातून दोनदा येणारे एक गुरुजी, एवढं तरी मंजूर करून घे. हे पत्र तिथं वाचून दाखवलंस तरी चालेल. अंदाजपत्रक झालं की पाठव. पहिल्या वर्षाचं गुरुजींचं मानधन माझ्याकडे लागलं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनिल