तीन आठवड्यांत काय होणार?

मा. संपादक,
२०२६ हे युनोने स्वयंसेवक वर्ष म्हणून जाहीर केलंय म्हणून लिहितेय. काही वर्षांमागे आमच्या सत्तरी तालुक्यातल्या शाळेत परदेशातून पाचसहा तरुण मुलं आलेली, तीन आठवडे राहिली, भिंतीवर जगाचा नकाशा रंगवला, पोरांना एवढा लळा लागला की निघताना नुसती रडारड, आणि नकाशातली आफ्रिका अजून अर्धीच आहे. मुलं मनाने खरंच चांगली होती हो! पण आम्हाला पाहिजे होतं वर्षभर रोज अर्धा तास इंग्लिश वाचून घेणारं कोणीतरी.

युनोचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० साली ठरला, आणि २००० पासून ते ऑनलाइन पण काम देतात, म्हणजे भाषांतर, डिझाईन वगैरे घरबसल्या करता येतं. विमानाचं भाडं नाही, व्हिसा नाही. मला पुढचा रस्ता हाच वाटतो. आणि आपल्या गोव्यात तर बोटीवरून, आखातातून रिटायर होऊन आलेले इलेक्ट्रिशियन, नर्स, कुक गावोगावी आहेत, त्यांना कोणी विचारतच नाही. पंचायतींनी निदान त्यांची यादी तरी करावी, आमच्या शाळेपासून सुरुवात केली तरी चालेल.

– एक शिक्षिका, वाळपई