सिएम रीपच्या टुकटुकवाल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमच्या लेकीला मी इंग्रजीतून वेगळं लिहिलंच आहे. तरी हे उघडं पत्र मराठीत लिहिते आहे, कारण अंगकोरच्या जुन्या देवळांमागच्या सूर्योदयाचे फोटो पाहून आमच्याकडची बरीच मुलं आता कंबोडियाला निघतात. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते त्यांच्या कानावर जावं असं मनापासून वाटतं.

एप्रिलचं ऊन होतं. ता प्रोमच्या देवळातून बाहेर आले तेव्हा डोकं गरगरत होतं, अंग तापलं होतं. तुम्ही गाडीतच आडवी झोळी बांधून पडला होतात. मला बघताच उठलात, गळ्यातला क्रामा, म्हणजे तुमचा तो चौकड्यांचा पंचा, बर्फाच्या पाण्यात बुडवून पिळलात आणि माझ्या डोक्यावर ठेवलात. दवाखान्यात सोडून निघून गेला असतात तरी मी आभारच मानले असते. पण रक्ताचा रिपोर्ट येऊन डेंग्यू नाही हे कळेपर्यंत तुम्ही बाहेर बाकड्यावर बसून होतात. उन्हाळ्यात आधीच प्रवासी कमी, त्यात संध्याकाळची भाडी बुडाली. त्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी डबा पाठवला. बोबोर! मऊ शिजलेला तांदूळ, त्याचं दाटसर पाणी आणि कडेला तळलेला खारवलेला मासा. मी मालवणची. तापात आमची आजी पेज आणि भाजलेला सुका बांगडा द्यायची, अगदी तसंच. डब्याचे पैसे वहिनींनी घेतले नाहीत.

बरी झाल्यावर जे अंगकोर पाहिलं तेही तुमच्यामुळेच. गाइडचा परवाना नाही म्हणून तुम्ही देवळात पाऊल टाकत नव्हता. दाराशी गाडी थांबवून आत काय पाहायचं ते सांगायचात. अंगकोर वाटच्या पश्चिमेच्या ओवरीत भिंतीवर कुरुक्षेत्र कोरलेलं आहे, शरपंजरी पडलेले भीष्म आहेत. ते मी शोधलेच असते. पण बायोनच्या देवळात बाहेरच्या भिंतीवर खाली वाकून बघ, हे तुम्ही सांगितलंत. तिथे कोंबड्यांची झुंज आहे, बाजारात बसलेल्या बायका आहेत, स्वयंपाक करणारी माणसं आहेत. बाराव्या-तेराव्या शतकातली ख्मेर माणसं, आणि संध्याकाळी तुमच्या बाजारात तशाच बायका मासे भाजत बसलेल्या. आपल्याकडचे बरेच जण अंगकोर पाहून 'हे सगळं आपलंच' म्हणत परततात. मला ते पटत नाही. कथा भारतातून गेल्या असतील. तो दगड, ते हात आणि ती बुद्धी तुमच्या लोकांची.

ता प्रोमच्या वाटेवर सुरुंगात पाय गमावलेले वादक बसतात. त्यांच्याविषयी विचारलं तेव्हा तुम्ही गाडी सावलीत घेतलीत आणि घरचं सांगितलंत. १७ एप्रिल १९७५ला ख्मेर रूजने, म्हणजे पोल पॉटच्या कम्युनिस्ट बंडखोरांनी, राजधानी नोम पेन्ह घेतली आणि सगळं शहर रिकामं केलं. पुढच्या पावणेचार वर्षांत देशातला जवळजवळ चौथा हिस्सा माणसं गेली. तुमचे वडील शाळेत शिकवत होते. त्या राज्यात मरायला तेवढं कारण पुरायचं. एका परक्या मुलीला हे सांगणं सोपं नव्हतं, दादा. तुम्ही तो विश्वास ठेवलात, याचे आभार कसे मानायचे ते मला अजून सुचलेलं नाही.

भारताच्या पुरातत्त्व खात्याने १९८६ ते १९९३ या काळात अंगकोर वाटची डागडुजी केली. यादवी पुरती शमली नव्हती तेव्हाची ती गोष्ट. तुमचे मामा तिथे कामाला होते, ही आठवण तुम्ही किती प्रेमाने सांगितलीत! मला वाटतं, त्या प्रेमाचा थोडा वाटा माझ्याही पदरात पडला.

माझी मैत्रीण जानेवारीत तिकडे येते आहे. तिला तुमचा नंबर दिला आहे; भाडं तुमच्याशीच ठरवायचं, असं बजावलं आहे. तिच्याबरोबर आईने वहिनींसाठी घरची आमसुलं पाठवली आहेत. सामलॉर माचूत, तुमच्या त्या आंबट रश्श्यात, चिंचेऐवजी दोन-तीन घालून बघा म्हणावं, आणि कसं झालं ते लेकीला कळवायला सांगा.

तुमची,
मालवणची धाकटी बहीण