आखाजीला येतेस तेव्हा

भुसावळ
आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) पंधरा दिवस आधी

चि. सौ. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तिकिटं झाल्याचा तुझा फोन आला आणि तुझ्या आईनं मला लगेच सांजोऱ्यांचा रवा आणायला पिटाळलं. रवा आणला, पण त्याआधी माळ्यावरून कुलर उतरवला. दिवाळीपासून तो कोरडा ठणठणीत होता, तरी टाकी तारेच्या घासणीनं घासून काढली. डेंग्यूचा डास अंडी घालतो ती टाकीच्या भिंतीला चिकटवून, पाण्याच्या जरा वर. ती कोरड्यात महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा तुम्ही आहात तोवर दर रविवारी टाकी रिकामी करून घासायची, हे काम माझं. तो डास दिवसा चावतो, बाळाला दुपारीही मच्छरदाणीतच निजव.

आता बाळाचं. त्याला पाच महिने झाले, आणि इथे पारा ४५ च्या पुढे. तू आलीस की पहिल्याच दुपारी तुझी आई वाटी-चमचा घेऊन उभी राहणार: "एवढ्या उन्हात लेकराचा घसा सुकंल." सहा महिने पूर्ण होईपर्यंत पाण्याचा थेंब नको, उन्हाळ्यातसुद्धा नको. आईच्या दुधात निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच असतं. जास्त वेळा पाज, आणि दिवसातून सहा-सात लंगोट ओले होतायत ना एवढं बघ. पाणी तूच जास्त पी. गुटीत मध चाटवायचा तोही वर्षाच्या आत नाही. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांचं पोट ते निभावतं, तान्ह्याचं नाही. यावर आईचा मुद्दा तयार आहे: "ताईले मी चाटवला होता, तिले काय झालं मंग?" याला माझ्याकडे उत्तर नाही. तू डॉक्टरांचं नाव पुढे कर, माझं करू नकोस.

आणि ताई, खरं सांगायचं तर आपल्या घरात तुझ्या बाबतीत एक गोष्ट झाली होती, ती तुला कधी सांगितली नाही. तू अडीच वर्षांची असशील. ताप होता. आईनं रात्री नऊला तापाचं औषध पाजलं आणि ती जरा आडवी झाली. मी दुसरी पाळी करून अकराला घरी आलो, तुझं कपाळ तापलेलं, बाटली समोरच. मीही पाजलं. तेही आमटीच्या चमच्यानं. सकाळी चहा पिताना दोघांना कळलं. तुला काही झालं नाही, पण मला त्या दिवशी कामावर धड लक्ष लागलं नाही. रेल्वेच्या शेडमध्ये इंजिनाचा एक नट बदलला तरी रजिस्टरला लिहून पुढच्या पाळीला चार्ज द्यायचो आम्ही. घरात पोरीला औषध पाजताना मात्र ना नोंद ना चार्ज.

परवा आठवण आली म्हणून घरातले तीन चमचे काढले आणि औषधाच्या पिचकारीनं पाणी भरून मोजले. चहाचा साडेतीन मिलिलिटरचा, पोह्यांचा पाच, आणि तो आमटीचा चांगला नऊ. डॉक्टर चिठ्ठीवर 'एक चमचा' लिहितात तो पाच मिलिलिटरचा. म्हणून बाटलीबरोबर येणारं मापाचं झाकण किंवा पिचकारी फेकू नकोस, सोबत आण. दुसरी गोष्ट मला औषधाच्या दुकानात उभं राहून लेबलं वाचताना कळली. पॅरासिटामॉलचे थेंब येतात ते एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅमचे, आणि पातळ औषध पाच मिलिलिटरला १२५ किंवा २५०. म्हणजे तान्ह्याचं औषध सौम्य असेल असं आपण धरून चालतो, आणि तेच दुप्पट ते चौपट कडक निघतं. मोठ्याची बाटली आणि बाळाची बाटली एका फळीवर ठेवायची नाही. डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. दोन्ही पोरांचं वजन करून ये.

तर मी एक वही फ्रिजला दोरीनं बांधली आहे. वेळ, ताप किती, कोणतं औषध, किती, कोणी दिलं. दोन डोसांत निदान चार तास जायला हवेत, ते वहीवरून कळेल. थर्मामीटर नवीन घेतलाय, बीप करणारा. काखेत लावण्याआधी घाम पुसायचा, आणि काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा थोडा कमी येतो हे लक्षात ठेवायचं. पाऱ्याचा जुना काढून टाकला. तुझ्या लहानपणी एक फुटला होता तेव्हा तू तो चंदेरी मणी ताटलीत फिरवत बसलीस आणि आम्ही दोघं कौतुकानं बघत होतो. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

आईच्या साखरेचं यंत्र तिनं तुला दाखवलं असेलच. गेल्या आखाजीला रसासाठी आंबे पिळून उठली आणि तशीच बोट टोचून बसली. आकडा आला २९८. घरात रडारड. मी म्हटलं, साबणानं हात धू, पूस, मग बघू. १५१. बोटावरचा आंबा मोजला होता यंत्रानं. केळी सोलल्यावरही तेच होतं, आणि आपल्याकडे केळी कोण सोलत नाही! माझ्या बीपीचंही तसंच. सदऱ्याच्या बाहीवर पट्टा गुंडाळून, आईशी हुज्जत घालत मोजलं की १६८. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, तोंड बंद करून बसलो की १३८. तोंड बंद करणं सगळ्यात अवघड.

तुझा मोठा मुलगा आखाजीच्या झोक्यावरून दुपारी उतरणार नाही, हे धरून मी ओआरएसची दहा पाकिटं आणली आहेत. गोड सरबताचे डबे नाहीत, जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र छापलेली पाकिटं. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-साखरेचं पाणी पाजून पटकीची माणसं वाचवली होती. अख्खं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं, पेल्यात अर्धं-पाव नाही, आणि उरलं तर दुसऱ्या दिवशी फेकायचं. जुलाब लागले आणि पाकीट नसलं तर लिटरभर पाण्यात साखर सहा सपाट चमचे, मीठ अर्धा. चमचा पोह्यांचा.

खिशात कांदा ठेवायचा असेल तर ठेवू दे आईला, पण पोराच्या डोक्याला ओला रुमाल बांधूनच बाहेर सोड. ऊन लागून कोणी बरळायला लागलं, अंग तव्यासारखं तापलं, तर तापाची गोळी देत बसायचं नाही, तिचा तिथे उपयोग नसतो. अंगावर पाणी, वारा, आणि थेट दवाखाना.

लसीचं कार्ड विसरू नकोस.

वहीत पहिली नोंद काल पडली, तुझ्या आईच्या अक्षरात: "सकाळी ७. बीपीची गोळी. घेतली नाही." कोणाची ते तिनं लिहिलेलं नाही.

तुझा,
आप्पा