‘सहापट धोका’ छापण्याआधी

मा. संपादक,

आरोग्य आणि शेतीविषयक संशोधनाच्या बातम्यांत ‘ऑड्स रेशो’चा (म्हणजे दोन गटांतील ‘घडले भागिले न घडले’ या प्रमाणांच्या गुणोत्तराचा) आकडा सर्रास ‘इतक्या पट शक्यता’ म्हणून छापला जातो. हे चूक आहे आणि त्याने वाचक नाहक घाबरतो.

समजा, निफाडच्या एका द्राक्षबागेत फवारणी न केलेल्या 100 वेलींपैकी 60 वेलींवर डाऊनी हा रोग आला. संभाव्यता झाली 60 भागिले 100, म्हणजे 0.6. ऑड्स काढताना मात्र भागायचे ते निरोगी वेलींच्या संख्येने : 60 भागिले 40, म्हणजे 1.5. संभाव्यता 1 च्या वर कधीच जात नाही, ऑड्स जातात. आता फवारलेल्या 100 वेलींपैकी 20 रोगट धरा. संभाव्यता 0.2, ऑड्स 0.25. संभाव्यतांचे गुणोत्तर 3, ऑड्सचे (म्हणजेच ऑड्स रेशो) 6! रोग तिप्पट वेलींवर आणि मथळा ‘सहापट’चा.

घटना दुर्मीळ असेल, 100 त 1-2, तर दोन्ही गुणोत्तरे जवळपास सारखीच येतात. गफलत होते ती सर्रास घडणाऱ्या गोष्टींत. शिवाय रुग्ण आणि निरोगी माणसे संशोधकानेच ठरावीक संख्येने निवडली असतील, तर त्या आकड्यांतून धोक्याची संभाव्यता थेट निघतच नाही. म्हणून तिथे ऑड्स रेशो वापरतात. तो वापरणे योग्यच, ‘पट शक्यता’ म्हणणे अयोग्य.

ऑड्सवरून संभाव्यता हवी असेल, तर ऑड्सला (1 + ऑड्स) ने भागावे : 1.5 भागिले 2.5, म्हणजे 0.6. बातमीत गुणोत्तराशेजारी ‘100 पैकी किती’ हे दोन्ही गटांचे आकडे, उपलब्ध असतील तेव्हा, जरूर छापावेत, ही कळकळीची विनंती.

– संख्याशास्त्राचे काही शिक्षक, नाशिक