सूचना : घरट्यांचे फोटो टाकण्याआधी लोकेशन काढून टाका

सर्व सभासदांना नमस्कार.

धानाची रोवणी झाली की गोंदियाकडे सारसाची घरटी दिसू लागतात आणि ग्रुपवर फोटोही येतात. जरूर टाका. पण फोटोच्या फाईलमध्ये एक्झिफ माहिती असते: तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल आणि मोबाईलचं लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशसुद्धा. म्हणजे घरटं धानाच्या कोणत्या बांधीत (खाचरात) आहे, तेही कळतं. सारस बहुधा दोनच अंडी घालतो आणि महाराष्ट्रात तो मुख्यतः आपल्याच भागात उरलाय. त्याचा पत्ता भलत्या माणसाच्या हाती लागू देऊ नका, ही कळकळीची विनंती.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की ही माहिती सहसा निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला की जशीच्या तशी जाते. स्पर्धेसाठी आपण डॉक्युमेंटच मागवतो, म्हणून तिथे जास्त जपा. मोबाईलच्या कॅमेरा सेटिंगमध्ये लोकेशन बंद ठेवा. जुन्या फोटोंसाठी विंडोजवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. तिथे खाली माहिती काढून टाकण्याचा पर्याय आहे, त्यात फक्त जीपीएसवर खूण करा.

शटर स्पीड, अ‍ॅपर्चर, आयएसओ ही कॅमेऱ्याच्या सेटिंगची माहिती मात्र राहू द्या, नवी पोरं त्यावरूनच शिकतात. कॅप्शनमध्ये गावाचं किंवा तलावाचं नाव नको, जिल्हा पुरे. लोकेशनसकट आलेला घरट्याचा फोटो अ‍ॅडमिन लगेच काढतील.