बोर्ड बदलण्याआधी सिग्नल मोजा

महोदय,

आपल्या जिल्ह्यातील शेतीपंपांवर मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे छोट्या संगणकी चिपवर, चालणारे ऑटो स्टार्टर आता सर्रास दिसतात. थ्री फेज वीज रात्री-अपरात्री आली तरी मोटर आपोआप चालू होते आणि एखादी फेज गेली की बंद पडते, ही सोय मोठीच आहे. मात्र बिघाड झाला की ‘बोर्ड (स्टार्टरमधले सर्किट) गेला’ एवढेच निदान होऊन नवा बोर्ड शेतकऱ्याच्या माथी मारला जातो. कुपवाडला अशा बोर्डांची दुरुस्ती करीत असल्याने हे नेहमी पाहतो.

ऑक्टोबर छाटणीनंतर तासगाव तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार असाच बोर्ड घेऊन आले. मोटर अधूनमधून बंद पडे म्हणून विक्रेत्याने दोनदा बोर्ड बदलला होता, दोन्ही वेळा पैसे घेऊन. मोटर न जोडता नुसता बारा व्होल्टचा सप्लाय देऊन मी फ्लोट स्विचच्या (पाण्याची पातळी कळवणाऱ्या तरंगत्या स्विचच्या) टर्मिनलवर तार टेकवली आणि काढली, तेव्हा मीटरवर शून्य आणि पाच व्होल्ट स्वच्छ दिसले व रिलेही (चिपच्या हुकमाने चालणारा बोर्डावरचा स्विचही) त्याबरहुकूम वाजला. शेतावर मात्र शेततळे निम्मे रिकामे असताना त्याच टर्मिनलवर पाचऐवजी दोनच व्होल्ट मिळाले. साधारण दीडच्या खाली ‘भरले’ आणि साडेतीनच्या वर ‘रिकामे’ समजणारी चिप या दोन व्होल्टचा अर्थ कधी असा, तर कधी तसा लावत होती. फ्लोट स्विचपासून बांधाखालून नेलेल्या वायरचा टेप गुंडाळलेला जोड भिजला होता. तो नवा केला. बोर्डाला हात लावावा लागला नाही.

आउटपुटकडे, म्हणजे बोर्ड जिथून मोटरला हुकूम देतो तिथे, फसगत उलटी होते. रिले ‘टक्’ वाजला म्हणजे आतल्या कॉइलने पट्टी ओढली, एवढेच. कॉन्टॅक्ट (वीज जोडणारी टोके) काजळलेले असतील तर पुढे वीज पोचेलच असे नाही. टेबलावर कॉन्टॅक्टरऐवजी (मोटरला वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचऐवजी) साठ वॅटचा बल्ब लावला की तो लुकलुकून चुगली करतो. शेतावर मेन स्विच पाडल्याशिवाय वायरींना हात लावू नये, हे वेगळे सांगायला नको; तरी सांगतो.

ओल लागू नये म्हणून काही कंपन्या सगळा बोर्ड राळेत बुडवतात. ते समजण्यासारखे आहे, पण टेस्ट पॉइंट (मीटर टेकवून मोजण्याच्या जागा) तरी उघडे ठेवावेत आणि कोणत्या टर्मिनलवर केव्हा किती व्होल्ट हवेत, याचा मराठी तक्ता झाकणाच्या आत चिकटवावा. विक्रेत्यांनीही जुन्या बोर्डावर मोजलेले आकडे नव्याच्या बिलावर लिहून द्यावेत.

– एक दुरुस्ती कारागीर, कुपवाड, जि. सांगली